कोम्बुचा: दोन हजार वर्षांची दंतकथा आणि शंभर वर्षांचा इतिहास

कोम्बुचाच्या जाहिरातीत थोड्याफार फरकाने एकच गोष्ट वाचायला मिळते. इ.स.पू. २२० मध्ये चीनच्या छिन सम्राटाच्या काळात हे 'अमरत्वाचं पेय' म्हणून प्यायलं जाई. पुढे इ.स. ४१४ मध्ये डॉ. कोम्बू नावाच्या कोरियन वैद्याने ते जपानच्या इंग्यो सम्राटाला पाजलं, सम्राट खडखडीत बरा झाला आणि वैद्याच्या नावावरून पेयाचं नाव पडलं. आता हाच मजकूर मराठीतून व्हॉट्सॲपवर फिरतोय आणि खाली मधुमेह, संधिवात, कॅन्सर अशी यादी असते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगतो. गोड कोरा चहा गार करायचा, त्यात आधीच्या खेपेचा थोडा चहा आणि एक बुळबुळीत, घावनासारखी चकती टाकायची, फडकं बांधून ७ ते १४ दिवस ठेवायचं. म्हणजे विरजणच की! यीस्ट साखर फोडून अल्कोहोल करतं, जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसेटिक आम्ल करतात. गोव्यात माडाच्या सुरेपासून व्हिनेगर होतं, त्यातही हेच घडतं. चकतीला लोक 'मशरूम' म्हणतात, पण ती अळंबी नव्हे. जिवाणूंनी विणलेली सेल्युलोजची साय आहे ती. असं सेल्युलोज विणणाऱ्या जिवाणूचं वर्णन एड्रियन ब्राउन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्येच करून ठेवलंय.

आता दंतकथेकडे. कोम्बुचाला दोन गोष्टी लागतात, चहा आणि भरपूर साखर. छिन काळात चहा चीनच्या नैर्ऋत्येकडच्या मुलखापुरता होता, आणि आपण ज्याला काळा चहा म्हणतो तो तर सतराव्या शतकाच्या आसपासचा. साखरेचं काय? चीनच्या ताइझोंग सम्राटाने इ.स. ६४७ मध्ये साखर करण्याची विद्या शिकायला मगधात माणसं पाठवली होती, हे चिनी इतिहासात नोंदलेलं आहे. म्हणजे छिन सम्राटानंतर साडेआठशे वर्षांनीसुद्धा चीन आपल्याकडून साखर शिकत होता. मग इ.स.पू. २२० मध्ये मंचुरियात गोड चहा आंबवत होतं कोण?

डॉ. कोम्बूची गोष्ट त्याहून मजेशीर आहे, कारण तिच्यात एक खरा धागा आहे. 'कोजिकी' या इ.स. ७१२ च्या जपानी ग्रंथात कोरियातल्या सिल्ला राज्याहून आलेल्या दूताने इंग्यो सम्राटाचा आजार बरा केल्याचा उल्लेख सापडतो. त्याचं लांबलचक नाव 'कोम'सारख्या उच्चारानेच सुरू होतं. पण चहाचा तिथे मागमूस नाही. असणार कसा? जपानमध्ये चहा प्यायल्याची पहिली नोंद इ.स. ८१५ ची, म्हणजे सम्राट बरा झाल्यावर चारशे वर्षांनंतरची. आणि जपानीत 'कोंबु' म्हणजे समुद्रातलं शेवाळ. टोकियोत आजही कोंबुचा मागितलात तर खारट शेवाळाचं गरम पाणी पुढ्यात येईल. आपल्या या पेयाला जपानी लोक 'कोचा किनोको' म्हणतात, म्हणजे चहाची अळंबी. बाहेरच्या कुणीतरी नावांचा घोळ घातला आणि तोच जगभर चिकटला.

कागदोपत्री इतिहास सुरू होतो तो रशियाच्या बाजूने. १७२७ च्या करारानंतर क्याख्ता या सरहद्दीवरच्या गावातून चिनी चहाचे तांडे सायबेरियामार्गे रशियात जाऊ लागले, आणि त्याच वाटेने कधीतरी ही चकतीही आली असावी असं मानतात. १९१३ मध्ये गुस्टाव लिंडाउ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचं शास्त्रीय नामकरण केलं. सोव्हिएत काळात तर ती घराघरात पोचली. खिडकीत तीन लिटरची काचेची बरणी, तोंडाला जाळीचं फडकं आणि आत तरंगणारा 'ग्रीब'. चकतीचा थर सुटला की शेजारणीला द्यायचा. पैसे नाहीत, लेबल नाही, पेटंट नाही. आपल्याकडे वाटीभर विरजण मागायला जातात ना, तसंच. मला या सगळ्या कहाणीतला हा भाग सर्वांत आवडतो, आणि नेमका तोच कुठल्या बाटलीवर नसतो.

कॅन्सरचा दावा कुठून चिकटला? एक धागा जर्मनीत सापडतो. रुडॉल्फ स्क्लेनार हा डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात रशियात होता. परतल्यावर त्याने १९६० च्या दशकात रुग्णांना कोम्बुचा द्यायला सुरुवात केली आणि त्यावर लिहिलंही. दुसरा धागा निव्वळ गैरसमजाचा. सोल्झेनित्सिनच्या 'कॅन्सर वॉर्ड' कादंबरीत रुग्ण एका बुरशीबद्दल आशेने बोलतात, ती बर्चच्या झाडावर वाढणारी 'चागा'. प्रचारकांनी ती बेधडक कोम्बुचाच्या खात्यावर जमा केली. दोन्ही रशियन, दोन्ही 'बुरशी', कोण तपासतंय!

१९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका गावात काही दिवसांच्या अंतराने दोन महिला अत्यवस्थ झाल्या. रक्तातलं आम्ल भयंकर वाढलेलं. एक दगावली, दुसरीचं हृदय बंद पडलं होतं पण ती वाचली. दोघी रोज घरचा कोम्बुचा पीत होत्या आणि दोघींची चकती एकाच मूळ चकतीची. पण त्याच चकतीची पिल्लं वापरणाऱ्या गावातल्या शंभराहून जास्त लोकांना काहीच झालं नाही. अमेरिकेच्या सीडीसीने त्या डिसेंबरात अहवाल छापला, त्यात मृत्यूचं कारण कोम्बुचा असं सिद्ध झालं नाही, आणि निरोगी माणसाने रोज चार औंस, म्हणजे साधारण अर्धा कप, प्यायल्याने बहुधा अपाय होणार नाही असंही म्हटलं. माझ्या मते सार्वजनिक आरोग्यखात्याने कसं बोलावं याचा तो नमुना आहे. घाबरवणं नाही, आरती ओवाळणं नाही.

फायद्याचं म्हणाल, तर एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००३ मध्ये माणसांवरचे अभ्यास शोधले, तेव्हा धड एकही चाचणी हाती लागली नाही. २०२३ मध्ये वॉशिंग्टनमधल्या, टाइप-२ मधुमेहाच्या अवघ्या १२ जणांवरच्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, उपाशीपोटीची साखर कमी झालेली दिसली. पुढे मोठी चाचणी करावी एवढंच त्यातून निघतं. गोळ्या बंद कराव्यात असं निघत नाही.

हे सगळं लिहायचं निमित्त म्हणजे आमच्या नात्यातल्या एक मावशी. त्यांची केमो चालू आहे. पांढऱ्या पेशी खाली आलेल्या. कुणीतरी प्रेमाने घरच्या कोम्बुचाच्या दोन बाटल्या आणून दिल्या, 'रशियात यानेच कॅन्सर बरा करतात' म्हणून. डॉक्टरांनी ऐकताक्षणी बंद करायला लावलं. न उकळलेलं, जिवंत जंतूंचं पेय, घरात कुठल्या हातांनी काय झालंय माहीत नाही, आणि समोर प्रतिकारशक्ती संपलेली बाई. आणणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल शंका नाही. पण तो हेतू ज्या फॉरवर्डवर उभा होता, तो लिहिणाऱ्याचं काय? आपल्याकडे १९५४ पासून जादुई उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे, त्याच्या यादीत कॅन्सर आणि मधुमेह दोन्ही आहेत. वापरतो कोण?

ज्यांना आवड म्हणून घरी करायचाय त्यांनी खुशाल करावा, मीही चव घेतलीय, उन्हाळ्यात बरा लागतो. फक्त बरणी काचेची घ्या. आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणी नको. ऑस्ट्रेलियात अशाच झिलईच्या भांड्यात महिनोन्महिने केलेल्या कोम्बुचातून शिसं उतरून विषबाधा झाल्याची नोंद १९९८ ची आहे. पीएच पट्टी मिळते, ४.२ च्या खाली आला की बाटली फ्रिजमध्ये टाका, २.५ पर्यंत उतरू देऊ नका. वर रंगीत, केसाळ बुरशी दिसली तर चकतीसकट सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं प्यायचं नाही. गरोदर बायका, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि दारू सोडलेल्यांनो, आपल्या नियमांप्रमाणे ०.५ टक्क्यांवर अल्कोहोल गेलं की ते मद्यच. घरच्या बाटलीत ते त्यापुढे सहज जातं, आणि बंद बाटलीत ठेवाल तितकं वाढतच राहतं.