लुआंग्वातली पायवाट

मराठीत 'सफारी' हा आधी एक पोशाख आहे. अर्ध्या बाह्या, चार खिसे, आमदारांना आणि बँक मॅनेजरांना शोभणारा. माझ्या पिढीला त्यानंतर ब्राउझर आठवतो. स्वाहिलीत मात्र सफारी म्हणजे नुसता प्रवास. शब्द अरबी 'सफर'वरून आलेला, म्हणजे आपल्या सफरीचा भाऊच.

त्या प्रवासाला बंदूक चिकटली ती वसाहतकाळात. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोंबासाला उतरले. त्यांनी आणि मुलगा केर्मिट याने मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरं मारली. तंबू, मीठ, पुस्तकं, कातडी, सगळं शेकडो हमालांच्या डोक्यावर. फोटोत रूझवेल्ट दिसतात, हमालांची नावं सापडत नाहीत. 'बिग फाइव्ह' हा आज प्रत्येक माहितीपत्रकावर असलेला शब्दही शिकाऱ्यांचाच: पायी मारायला सगळ्यात धोक्याचे पाच प्राणी. सुंदर असल्यामुळे कोणी त्या यादीत गेलेलं नाही. नाहीतर जिराफ पहिला असता.

मला रस आहे तो पुढच्या वळणात. नॉर्मन कार यांचा जन्म १९१२ चा. उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, त्यांची सुरुवातीची नोकरी पिकं तुडवणारे हत्ती मारण्याची होती. १९५० मध्ये त्यांनी लुआंग्वा खोऱ्यातल्या कुंडा लोकांचे प्रमुख न्सेफू यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला: तुमच्या जमिनीवर छोटा कॅम्प बांधू, लोक जनावरं बघायला पैसे देतील आणि ते पैसे तुमच्या लोकांकडे जातील. प्रमुखाने हो म्हटलं. या गोष्टीत नेहमी कार यांच्या दूरदृष्टीचं कौतुक होतं. मला न्सेफूंचा होकार जास्त धाडसाचा वाटतो. जे जनावर शेत खातं आणि कधी माणूसही मारतं, ते जिवंत ठेवून पैसे मिळतील यावर विश्वास ठेवायचा होता त्यांना, आणि तोही एका गोऱ्या सरकारी माणसाच्या शब्दावर.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कार यांनी पाहुण्यांना गाडीतून उतरवून चालायला नेलं. 'वॉकिंग सफारी' तिथेच जन्मली असं सांगतात. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत इयान प्लेअर आणि मगकुबू एन्टोम्बेला हेही लोकांना जंगलात पायी नेत होते. आणि कुंडा लोक त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालतच होते की! त्याला कोणी तिकीट लावलं नव्हतं, इतकंच.

गेल्या ऑगस्टमध्ये मी तिथे चाललो. पहाटे पाचला उठवतात, शेकोटीजवळ पेज आणि चहा, सहाला रांग. सगळ्यात पुढे रायफल घेतलेला सरकारी स्काऊट, मागे गाइड, मग आम्ही पाहुणे, शेवटी चहाची किटली आणि कप घेतलेला माणूस. गाइडचा मुख्य नियम एकच: काहीही झालं तरी पळायचं नाही. ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली टाकायची सोय नाही, त्यामुळे जंगल म्हणजे मला आजवर चौकटीतलं दृश्य होतं. इथे दीड तासात मोठं जनावर एकही दिसलं नाही, तरी हत्तीचा पुढचा पाय गोल आणि मागचा लांबट उमटतो हे कळलं. पाणघोड्यांनी नदीकडे जाताना पाडलेली वाटही दिसली. किटलीवाल्याकडे बघताना मात्र रूझवेल्टचे हमाल आठवत राहिले. पगार, गणवेश, सगळं आहे. रांगेतली जागा तीच.

१९७२ साली दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान झालं. न्सेफूंचा तो भाग आज त्याच उद्यानात आहे. सरकारी उद्यान आणि प्रमुखाची जमीन यांत फरक असतो. कॅम्पचा पैसा कोणाचा, हा प्रश्न पुन्हा उघडा पडला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चोरट्या शिकारीने खोरं पोखरलं. हजारोंनी असलेले काळे गेंडे संपले आणि १९९८ मध्ये झांबियातून ते नामशेष झाल्याचं जाहीर झालं. ऐंशीच्या दशकात नॉर्वेच्या मदतीने उत्पन्नाचा वाटा गावांना देण्याची योजना आली. म्हणजे न्सेफूंनी १९५० मध्ये जे मान्य केलं होतं, तेच पुन्हा नव्याने शोधावं लागलं.

२००३ पासून उत्तर लुआंग्वात गेंडे परत आणून सोडले गेले. दक्षिणेत, आम्ही चाललो त्या वाटेवर, ते नाहीत.