बुलेटिन बोर्ड सॉफ्टवेअर : नव्या सोयी आणि दुरुस्त्या

बुलेटिन बोर्ड सॉफ्टवेअर : संगणकाला मॉडेम आणि फोनलाइन जोडून, बाहेरून फोन करणाऱ्यांना त्यावर संदेश वाचता-लिहिता यावेत व फायलींची देवघेव करता यावी यासाठी तयार केलेले सॉफ्टवेअर. असा बोर्ड चालवणाऱ्याला सिसॉप म्हणतात. १९७८ ते १९९५ हा या सॉफ्टवेअरच्या भरभराटीचा काळ. पुढे इंटरनेट घरोघर पोहोचले आणि बहुतेक बोर्ड बंद पडले. तरी काही सॉफ्टवेअर आजही लिहिले आणि दुरुस्त केले जाते. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मजकुराची एक साधी फाइल येई. नवे काय घातले, जुने काय सुधारले याची यादी तिच्यात असे. या क्षेत्राचा विश्वसनीय इतिहास मुख्यतः त्या याद्यांतच सापडतो. त्या ओळीने वाचल्या तर दिसते, की नवी सोय म्हणून जाहीर झालेल्या बऱ्याच गोष्टी मुळात कुठल्या ना कुठल्या बिघाडावरचे उपाय होते. आणि मुख्यतः टिकले ते सॉफ्टवेअर, ज्याला हात लावण्याची मुभा मूळ कर्त्याखेरीज इतरांनाही होती.

आरंभ : जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड हिमवर्षाव झाला. संगणकाचा छंद असलेल्यांच्या तिथल्या मंडळातले दोन सदस्य, आयबीएममध्ये नोकरी करणारे वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि यंत्रजोडणीत मुरलेले रँडी स्यूस, त्या दिवसांत कामाला लागले आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी त्यांचा सीबीबीएस हा बोर्ड लोकांसाठी खुला झाला. क्रिस्टेन्सन यांनी सॉफ्टवेअर असेंब्ली भाषेत लिहिले. स्यूस यांनी यंत्र उभे केले. फोनची घंटा वाजली की यंत्र नव्याने सुरू होईल अशी रचना त्यांनी केली होती. आधीच्या माणसाने काही बिघडवून ठेवले असले, तरी पुढच्याला बोर्ड ठाकठीक मिळे. ‘बाइट’ मासिकाच्या नोव्हेंबर १९७८ च्या अंकात दोघांनी या बोर्डाची माहिती प्रसिद्ध केली आणि ती वाचून इतरांनी आपापले बोर्ड उभारले.

एक लाइन म्हणजे एका वेळी एकच माणूस. पुढच्या अनेक सोयींचे मूळ या अडचणीत आहे. प्रत्येकाला ठरावीक मिनिटे, दिवसाला ठरावीक फोन, हे नियम सॉफ्टवेअरमध्ये आले ते लाइन मोकळी राहावी म्हणून. १९८७ मध्ये आलेली क्यूडब्ल्यूके पद्धतही त्यातलीच. तिच्यात सगळे नवे संदेश एका गाठोड्यात बांधून घ्यायचे, फोन ठेवायचा, घरच्या संगणकावर सावकाश वाचून उत्तरे लिहायची आणि दुसऱ्या फोनला ती एकदम पाठवायची. जिथे स्थानिक फोनलाही मिनिटांवर पैसे पडत, त्या युरोपातल्या वापरकर्त्यांना तिचा विशेष आधार होता.

फायलींची ने-आण : सीबीबीएसच्या आधीच, १९७७ मध्ये, क्रिस्टेन्सन यांनी फोनवरून फाइल पाठवण्याची पद्धत लिहिली होती, ती एक्समोडेम नावाने ओळखली जाते. फाइल १२८ बाइटच्या तुकड्यांत जाई. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्यातल्या बाइटांच्या बेरजेची एक बाइट असे आणि बेरीज जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागवला जाई. ही तपासणी तोकडी होती. दोन बाइटांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते. दोन चुका एकमेकींना खोडून काढत असल्या तरीही तीच राहते. म्हणून पुढे बेरजेच्या जागी १६ बिटांची सीआरसी तपासणी आली.

ती ज्या रीतीने आणली गेली त्यात या क्षेत्राचा स्वभाव दिसतो. नवा प्रोग्राम संभाषणाच्या सुरुवातीला ‘सी’ हे अक्षर पाठवी. समोरच्याला सीआरसी कळत असली तर तो त्या पद्धतीने सुरू करी. समोर जुना प्रोग्राम असला तर तो गप्प राही. मग काही प्रयत्नांनंतर नवा प्रोग्राम जुन्या बेरजेच्या पद्धतीवर उतरे. कोणालाही आपले सॉफ्टवेअर टाकून द्यावे लागले नाही. विनामोबदला काम करणाऱ्यांनी एकमेकांची इतकी कदर करावी, ही या नोंदीतली फार मोलाची बाब आहे.

१९८६ मध्ये चक फोर्सबर्ग यांनी टेलेनेट कंपनीसाठी झेडमोडेम लिहिली आणि ती सर्वांना खुली राहिली. तिची तपासणी ३२ बिटांची होती, पण सिसॉप तिच्यावर भाळले ते दुसऱ्याच गुणामुळे : फोन मध्येच तुटला तर पुढच्या वेळी फाइल तुटली तिथून पुढे उतरे. घरातल्या दुसऱ्या माणसाने नकळत रिसीव्हर उचलला की तासाभराची मेहनत वाया जाण्याचे दिवस तेव्हा संपले.

बोर्डांचे जाळे : टॉम जेनिंग्ज यांनी सॅन फ्रान्सिस्कोत ‘फिडो’ हे बोर्ड सॉफ्टवेअर लिहिले आणि १९८४ मध्ये त्याला रात्री दुसऱ्या फिडोला आपण होऊन फोन लावायला शिकवले. दर स्वस्त असताना एका बोर्डावरचे पत्र दुसऱ्या गावच्या बोर्डावर जाई. हेच फिडोनेट. पहिल्या योजनेत प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक होता आणि जो तो ज्याला त्याला थेट फोन करी. यादी वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. यादीत एखादा फोन क्रमांक चुकला तर ऐन मध्यरात्री भलत्याच घरी घंटा वाजे आणि उचलणाऱ्याच्या कानात मॉडेमची शिट्टी शिरे. जून १९८५ मध्ये क्रमांकांची पद्धत बदलली : आधी जाळे, मग त्यातला नोड, म्हणजे बोर्ड. एका शहरासाठीची सगळी पत्रे तिथल्या एका बोर्डाकडे एकाच ट्रंक कॉलने जाऊ लागली आणि पुढची वाटणी तो स्थानिक फोनवरून करू लागला. पुढे खंडांसाठी विभाग आले. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास या जाळ्यात ३५ हजारांहून अधिक नोड होते.

डॅलसच्या जेफ रश यांनी १९८५-८६ च्या सुमारास एकोमेल लिहिले. त्याने एका बोर्डावरची चर्चा सगळ्या सहभागी बोर्डांवर दिसू लागली. ही सोय अफाट लोकप्रिय झाली आणि तिच्याबरोबर तितकाच मोठा दोष आला. अ ने ब ला, ब ने क ला आणि क ने पुन्हा अ ला संदेश दिला, की तोच संदेश फिरत राही. शंभर संदेशांत नव्वद जुनेच, आणि त्यांच्या फोनचे बिल सिसॉपच्या खिशातून. उपाय टप्प्याटप्प्याने झाले. संदेश कोणाकोणाला मिळाला आहे याची ओळ त्याच्या शेवटी जोडली जाऊ लागली. मग तो कोणत्या वाटेने आला याची. शेवटी प्रत्येक संदेशाला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळाला. संदेशाच्या पायथ्याशी दिसणाऱ्या त्या आकड्यांच्या रांगा याच दुरुस्तीच्या खुणा होत.

सुरक्षेतील त्रुटी : वेन बेल यांनी १९८४ मध्ये लिहायला घेतलेल्या डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही या सॉफ्टवेअरचा मूळ कोड पैसे भरून नोंदणी करणाऱ्याला मिळे. त्यामुळे शेकडो सिसॉप त्यात आपापले फेरफार करत आणि ‘अमुक ओळ काढा, तमुक ओळ घाला’ अशा स्वरूपात इतरांना वाटत. याच सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी पुढे कुप्रसिद्ध झाली. वापरकर्त्याला झिप फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडून पाहता येई. डॉस मात्र कोणताही प्रोग्राम आधी चालू फोल्डरमध्ये शोधते. एखाद्याने झिप उलगडणाऱ्या प्रोग्रामच्याच नावाची आपली फाइल आत घालून पाठवली, की पुढच्या वेळी सिसॉपचा खरा प्रोग्राम बाजूला राही आणि पाहुण्याची फाइल चाले. सगळे यंत्र त्याच्या हाती जाई. प्रोग्रामचा पूर्ण मार्ग लिहिणे एवढाच त्यावरचा इलाज होता. कोड हाती असलेल्यांना तो लगेच करता आला.

यंत्र व वर्ष बदलल्यामुळे आलेले दोष : टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक बोर्ड आणि त्यांवरचे खेळ १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अचानक ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडू लागले. त्यांत कोणी काही बिघडवले नव्हते. संगणक वेगवान झाले होते. टर्बो पास्कलचा प्रोग्राम सुरू होतानाच एका भागाकाराने यंत्राचा वेग मोजत असे आणि सुमारे २०० मेगाहर्ट्‌झच्या पुढे त्या भागाकाराचे उत्तर ठरवून दिलेल्या जागेत मावत नसे. ज्यांचा मूळ कोड हरवला होता त्या प्रोग्रामांसाठी लोकांनी तयार फाइलमधल्याच बाइट बदलणारी साधने लिहिली.

२००० सालचा प्रश्नही तसाच. क्यूडब्ल्यूके गाठोड्यात आणि फिडोनेटच्या मूळ संदेशरचनेत वर्षाला दोनच अंक आहेत. ती जागा वाढवली तर जुनी सगळी यंत्रे गोंधळतील, म्हणून ती वाढवली गेली नाही. शतक कोणते हे वाचणारे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवते. पण अशा दुरुस्त्या पुढे चालू राहणार की नाही, हे त्या करण्याची मुभा कोणाला आहे यावर ठरे. पीसीबोर्ड हे युटामधल्या क्लार्क डेव्हलपमेंट कंपनीचे सॉफ्टवेअर आपल्या काळी अव्वल मानले जाई. त्याला स्वतःची प्रोग्रामिंग भाषाही होती. १९९७ मध्ये कंपनी बंद पडली आणि अधिकृत दुरुस्त्याही तिथेच थांबल्या. उलट रॉब स्विंडेल यांचे सिंक्रोनेट २००० च्या सुमारास खुल्या परवान्याखाली आले. ते आजही चालू आहे. डब्ल्यूडब्ल्यूआयव्हीही पुढे मुक्त झाले आणि जगले. गुणांत पीसीबोर्ड कुठेच कमी नव्हते.

इंटरनेटनंतर : आजचा बोर्ड फोनऐवजी टेलनेट किंवा एसएसएचवरून गाठला जातो. सिंक्रोनेटमध्ये त्यांच्याबरोबर मेल, एफटीपी व वेब सेवा आणि जावास्क्रिप्टमध्ये नवे भाग लिहिण्याची सोय आहे. जेम्स कॉइल यांचे मिस्टिक आणि नोड जेएसवर चालणारे एनिग्मा ही आणखी दोन नावे. टेलनेटकडे वळताना एक दोष सर्वांना भेटला. टेलनेटमध्ये २५५ क्रमांकाची बाइट आज्ञेची खूण मानली जाते. ती दोनदा पाठवली नाही तर संदेश नीट जातात, पण झिप फाइल हमखास बिघडते. २०१६ मध्ये मिराय या घातक सॉफ्टवेअरने उघडी टेलनेट दारे शोधत जगभर धुमाकूळ घातला, तेव्हापासून बोर्डांवर यंत्रांची अखंड धडक सुरू आहे. म्हणून आलेल्याने आधी एस्केप कळ दोनदा दाबावी, वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्या पत्त्याला काही काळ बंदी असावी, अशा सोयी अलीकडच्या याद्यांत दिसतात.

भारत आणि देवनागरी : भारतात अतुल चिटणीस यांनी १९८९ मध्ये बंगळुरूत सीआयएक्स हा बोर्ड सुरू केला, मुंबईत ‘लाइव्ह वायर’ होता. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू करण्यापूर्वी दूरच्या अनोळखी माणसाशी संगणकावरून बोलण्याचे मोजकेच मार्ग होते, त्यांतला बोर्ड हा एक. मात्र देवनागरीला तिथे जागा नव्हती. बोर्ड सॉफ्टवेअर आयबीएमची ४३७ क्रमांकाची अक्षरसारणी धरून चाले आणि तिच्या वरच्या अर्ध्या भागात चौकटी आखण्याच्या रेघा होत्या. भारतीय लिप्यांच्या इस्की या प्रमाणसंहितेची अक्षरे याच भागात येतात. १७९ क्रमांकाला इस्कीत ‘क’ आहे. त्या सारणीत तिथे उभी रेघ. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड दोन्ही टोकांना असल्याशिवाय मराठी मजकूर म्हणजे पडद्यावर मोडक्या चौकटींचा पसारा.

आता यूटीएफ-८ आल्याने हा अडसर गेला असे वाटते, पण एक जुनी तरतूद अजून आड येते. फिडोनेटच्या मूळ नियमांत १४१ क्रमांकाची बाइट ‘मऊ ओळबदल’ मानून सोडून द्यायला सांगितले आहे. रशियन वापरकर्त्यांना त्याची झळ पहिल्यांदा लागली : त्यांच्या सारणीत ‘न’ ध्वनीचे मोठे अक्षर नेमके याच क्रमांकावर असल्याने ते संदेशातून गळून पडे, म्हणून त्या जागी सारखे दिसणारे रोमन एच वापरण्याचा प्रघात पडला. देवनागरीत नुकसान याहून मोठे आहे. यूटीएफ-८ मध्ये हलंताच्या तीन बाइटांपैकी शेवटची १४१ आहे. जुन्या नियमाने चालणाऱ्या एखाद्या नोडमधून मराठी संदेश गेला, तर प्रत्येक जोडाक्षर फुटते आणि बाकीची बहुतेक अक्षरे शाबूत राहतात. त्यामुळे ‘कमल बघ’ ठीक दिसते आणि ‘महाराष्ट्र’ मोडतो. संदेशावर वर्णसंहितेची खूण लावणे आणि ती पाहून ही बाइट जपणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो वाटेतल्या प्रत्येक नोडवर व्हावा लागतो. फिडोनेटवर मराठीत लिहून पाहणाऱ्याने चाचणीच्या पहिल्याच संदेशात एखादे जोडाक्षर जरूर घालावे, आणि ते तुटून आले तर नोडच्या सिसॉपला कळवावे.