दम कुठून येतो?

आषाढात तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम हलवून पाटसला येते आणि रोटी घाट चढून उंडवडीकडे निघते. घाटात आमच्यासारखी पोरं धापा टाकत असतात, आणि डोक्यावर तुळस घेतलेली एखादी आजी गप्पा मारत पुढे निघून जाते. दिवाळीच्या सुमारास याच भागात ऊसतोड सुरू होते. मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची, उतरायचं, पुन्हा मोळी. दोघांकडे बघून आपण एकच म्हणतो, ‘काय दम आहे!’

शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. जिममधला वाद त्यामुळेच मिटत नाही: स्टॅमिना वाढवायला केटलबेलचे झटके बरे, की रोजचं संथ पळणं?

केटलबेल मूळची रशियातली. तिकडे तिला ‘गिर्या’ म्हणतात. बाजारात माल तोलायचं ते वजन. एक ‘पूद’ म्हणजे १६ किलोंहून थोडं जास्त. आपल्या तालमीतही मूठ कोरलेली दगडी नाल होती, मुदगल होते, त्यामुळे आपल्याला हे काही नवीन नाही.

पळणाऱ्यांची गोष्ट पुण्यातली. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळाली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ते बघून थक्क झाले. त्यांच्या खटपटीनं पुढच्याच वर्षी भारतीय संघ अँटवर्प ऑलिंपिकला गेला. बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथली ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पळून एकोणिसावा आला.

आणि मग १९५२, हेलसिंकी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वर्गणी गोळा करून आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून दिलेल्या पैशांवर ते तिथे पोहोचले होते. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती ते अगदी थोडक्यात हरले. गादीवरून उतरतात न उतरतात तोच सोव्हिएत संघाच्या ममदबेयोवशी लढायचं फर्मान आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्तीही हरले. पदक मिळालं ते ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, तरी मला त्या हुकलेल्या अर्ध्या तासाचीच हळहळ जास्त वाटते.

कारण दमाचं खरं गणित त्या अर्ध्या तासात आहे. डाव टाकताना लागणारा झटका स्नायूंतल्या साठ्यावर चालतो. तो काही सेकंदांत संपतो, आणि पुन्हा भरायला ऑक्सिजनच लागतो. म्हणजे ताकद झटक्याची असली, तरी ती परत गोळा होते संथ दमावर. २०१२ साली अमेरिकेत एक छोटी तुलना झाली. केटलबेलचे झोके आणि ट्रेडमिलवरचं पळणं, दोन्हीत माणसं सारखीच दमली, हृदयाचे ठोकेही जवळपास सारखेच पडले. पण पळताना शरीरानं ऑक्सिजन जास्त वापरला.

छाती धडधडली म्हणजे कार्डिओ झाला, हे जिममधलं समीकरण म्हणूनच मला अर्धवट वाटतं. आणि नुसतं पळणाऱ्यांनी फार हसू नये: मोळी डोक्यावर घेऊन ती फळी एकदा चढून बघा. मी बघितली आहे. तिसऱ्या मोळीला टोळीतल्या मावशी म्हणाल्या, ‘बस जरा बाळा, पाणी पी.’