पाळण्याच्या पायाखालची वाटी

मृगाचा पहिला पाऊस पडला की वसईतील आमच्या वाडीच्या घरात माणसांपेक्षा किडामुंगीची वर्दळ अधिक होई. संध्याकाळी दिवा लागताच पंख फुटलेल्या वाळवीचा थवा त्याच्याभोवती घिरट्या घाली. मग आई दिव्याखाली पाण्याची परात ठेवी आणि सकाळी ती परात पंखांनी भरलेली असे. बावखलाकडून डासांचे गुणगुणणे येई, आणि भिंतीच्या फटीतून निघालेली लाल मुंग्यांची रांग गूळ नाहीतर दूध शोधीत घरभर फिरे. अशाच एका पावसाळ्यात, ऐन जूनमध्ये, माझ्या धाकट्या भावाचा जन्म झाला.

तान्ह्या मुलाच्या ओठांवर व दुपट्यावर सुकलेल्या दुधाचा वास मुंग्यांना लांबून लागतो. मुंगी चावली तर ते मूल रडण्याखेरीज काय करणार? म्हणून आजीने पहिल्याच दिवशी लाकडी पाळण्याच्या चारही पायांखाली चार वाट्या ठेवल्या आणि त्या पाण्याने भरल्या. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही. हा उपाय तिला तिच्या सासूने शिकविला होता. पाणी आटले की ती वरून तांब्याने ओतीत असे. वाटी रिकामी करून घासण्याचे काही कारणच नव्हते, कारण तीत कोणी खातपीत नव्हते. आठपंधरा दिवसांनी त्या पाण्यात बारीक वळवळणारे जीव दिसू लागत. आम्ही मुले बोट बुडवून त्यांना पळविण्याचा खेळ खेळत असू. ती डासांची पिल्ले आहेत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

तिसऱ्या महिन्यात भावाला कडकडून ताप आला. घरात रोझरीची प्रार्थना सुरू झाली, आजोबा दिवस उजाडण्यापूर्वीच डॉक्टरांकडे धावले. देवाच्या कृपेने मूल वाचले. तो ताप त्या वाट्यांमुळेच आला असे आज म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणणे आजीवर अन्याय करणारेही होईल. परंतु पुढे पनामा कालव्याचा इतिहास वाचताना मला एकाएकी त्या चार वाट्या आठवल्या. आजीच्या पाळण्यापासून हजारो मैलांवर, तिच्याही जन्माच्या कितीतरी आधी, तीच वाटी शेकडो आजाऱ्यांच्या खाटांखाली ठेवलेली होती.

सुवेझचा कालवा खोदून कीर्ती मिळविलेल्या फर्डिनांड द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ मध्ये पनामा येथे काम सुरू केले. तेथील पीतज्वर व हिवताप यांची भीती सर्वांनाच होती. म्हणून कंपनीने आंकोन टेकडीवर एक मोठे रुग्णालय बांधले आणि सप्टेंबर १८८२ मध्ये ते सुरू झाले. संत व्हिन्सेंट दे पॉल यांच्या परंपरेतील धर्मभगिनी तेथे शुश्रूषेसाठी आल्या. त्यांनी रुग्णालयाभोवती सुंदर बाग फुलविली. पण उष्ण कटिबंधातील पाने कुरतडणाऱ्या मुंग्या एका रात्रीत झाड ओकेबोके करीत, म्हणून प्रत्येक रोपाभोवती पाण्याने भरलेली मातीची गोल कडी ठेवण्यात आली. वॉर्डात मुंग्या रुग्णांच्या अंगावर चढू नयेत म्हणून खाटांचे पायही पाण्याच्या भांड्यांत ठेवलेले असत. खिडक्यांना मात्र जाळ्या नव्हत्या.

पीतज्वर पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला घराच्या आसपासचे, भांड्यात साठलेले, निवांत, स्वच्छ पाणीच लागते. ते पाणी त्याला खाटेखालीच मिळाले आणि रक्त खाटेवर मिळाले. एक पीतज्वराचा रुग्ण वॉर्डात आला की त्याला चावलेला डास काही दिवसांनी शेजारच्या खाटेवरील, कदाचित केवळ पाय मोडून आलेल्या मजुराला चावे. फ्रेंच कारकिर्दीत सुमारे २२ हजार माणसे दगावली असावीत असा अंदाज आहे. त्या धर्मभगिनींनी आपल्या परीने काहीच उणे ठेवले नव्हते, आणि त्यांच्यापैकीही काही जणी त्याच रोगाला बळी पडल्या. त्यांच्या हातून घडले ते सेवाभावाच्या अभावाने नव्हे, तर एका अज्ञानामुळे.

या कथेतील सर्वांत खेदाची गोष्ट अशी की ते ज्ञान जगात आलेले होते. रुग्णालय उघडण्यापूर्वी एक वर्ष, ऑगस्ट १८८१ मध्ये, क्युबातील हवाना शहराचे डॉ. कार्लोस फिनले यांनी पीतज्वर डासामुळे पसरतो असा सिद्धान्त विद्वानांच्या सभेत मांडला होता आणि त्या डासाची जातही अचूक सांगितली होती. पण जवळजवळ वीस वर्षे त्यांचे कोणी मनावर घेतले नाही. दुर्गंधीयुक्त हवेमुळे ताप येतो हीच समजूत शिकलेल्या लोकांतही पक्की होती.

१९०० मध्ये अमेरिकन सैन्याचे डॉ. वॉल्टर रीड आणि त्यांचे सहकारी हवानात आले तेव्हा फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी त्यांच्या स्वाधीन केली. त्या सहकाऱ्यांत डॉ. जेसी लझिअर नावाचे ३४ वर्षांचे तरुण डॉक्टर होते. प्रयोगाच्या काळात डास चावून त्यांना पीतज्वर झाला आणि सप्टेंबर १९०० मध्ये ते मरण पावले. त्यांच्या पश्चात पत्नी व दोन मुले राहिली. त्यांतील धाकट्या, नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे तोंड त्यांनी पाहिलेच नव्हते. आज कोणत्याही आईने बाळाजवळचे साचलेले पाणी ओतून टाकले, तर त्या न पाहिलेल्या बाळाच्या पित्याचे ऋण तिच्या नकळत फेडले जाते असे मला वाटते.

पुढील काम डॉ. विल्यम गॉर्गस यांनी केले. त्यांनी हवानात घरोघर माणसे पाठवून रांजण, पिंपे, डबे तपासले, झाकले, नाहीतर रिकामे करविले. १९०१ मध्ये हवाना पीतज्वरातून मुक्त झाले. १९०४ मध्ये पनामाचे काम अमेरिकेकडे गेल्यावर त्यांनी तेथेही हेच केले. तपासनीसांना पनामा शहराच्या कॅथेड्रलमधील पवित्र पाण्याच्या पात्रातही डासांच्या अळ्या सापडल्या, तेव्हा ते पाणी रोजच्या रोज बदलण्याची व्यवस्था झाली. यात कोणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही. उलट पाणी अधिक निर्मळ झाले. १९०५ च्या अखेरीस पनामा शहरातून पीतज्वर नाहीसा झाला आणि १५ ऑगस्ट १९१४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, कालवा जहाजांना खुला झाला.

आपल्याकडे पीतज्वर कधी आला नाही, पण हिवतापाने घरे ओस पाडली. अलमोडा येथे जन्मलेले डॉ. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्यानंतर १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा अहवाल दिला. शहरातील विहिरी व टाक्या यांतच हिवतापाचा डास वाढतो, असे त्यात दाखविले होते. विहिरी बुजविण्याचे व झाकण्याचे हुकूम निघू लागले तेव्हा मोठा विरोध झाला, कारण विहिरीचे पाणी पारशी, हिंदू, जैन अशा अनेकांच्या धर्माचाराशी जोडलेले होते. शेवटी काही ठिकाणी विहिरीवर जाळी आणि उघडझाप करता येईल असे झाकण बसवून मार्ग काढण्यात आला. आमच्या वसईत तर विहीर, रहाट आणि बावखल यांवरच बागायत उभी होती. ती बुजविणे शक्य नव्हते. तेथे अळ्या खाणारे मासेच आपले मित्र ठरले. जिवंत, मासे असलेल्या बावखलापेक्षा कचरा टाकून अर्धवट बुजविलेले डबके अधिक घातक, हे आज बावखले दिसेनाशी होत असताना ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग डीडीटीचे युग आले. स्वित्झर्लंडचे पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये तिचा कीटकनाशक गुण शोधला आणि त्याबद्दल १९४८ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखाच्या घरात आली. किती पाळणे त्या फवाऱ्याने वाचविले याची गणती नाही. फवारणीवाले आले की बाळंतीण तान्ह्याला घेऊन अंगणात बसे आणि नंतर भिंतीवर पांढरे डाग कितीतरी दिवस दिसत, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. परंतु डास त्या औषधाला सरावले, कामात ढिलाई आली आणि १९७६ मध्ये रुग्णांचा आकडा ६४ लाखांवर गेला. शिवाय १९५१ मध्येच अमेरिकेत मातांच्या दुधात डीडीटीचा अंश सापडला होता. आईचे दूध त्यामुळे त्याज्य ठरत नाही, बाळाला त्याच्यासारखे दुसरे अन्न नाही. पण बाळाला राखण्यासाठी आणलेले औषध बाळाच्याच मुखात पोहोचले, ही आंकोनच्या वाटीचीच दुसरी आवृत्ती होय. १९८९ मध्ये भारतात शेतीसाठी तिचा वापर बंद करण्यात आला.

तिसरी आवृत्ती धुराची. बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या साली, कडुनिंबाचा पाला यांची धुरी देण्याची आपली जुनी चाल. जपानमध्ये एइइचिरो उएयामा यांनी १८९० मध्ये डास पळविणारी उदबत्ती काढली. ती लवकर विझे, म्हणून त्यांच्या पत्नी युकी यांनी तिला वेटोळ्याचा आकार सुचविला आणि १९०२ पासून ती कॉइल बाजारात आली. एका गृहिणीची ही सूचना जगभर गेली. परंतु २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके सोडण्यास ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील. दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत इवल्याशा फुप्फुसांनी तो धूर रात्रभर ओढावा, हे कोणत्या आईला आवडेल? अंगाला लावण्याची डासविरोधी मलमेही दोन महिन्यांच्या आतील बाळाला लावू नयेत असे वैद्यक सांगते.

उरते ती मच्छरदाणी, आणि ती तर या सर्वांहून जुनी. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने लिहून ठेवले आहे की इजिप्तचे कोळी दिवसा ज्या जाळ्याने मासे धरीत, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून निजत. आपल्या बायबलमधील जुडिथच्या ग्रंथातही ती आहे. सेनापती होलोफर्नीसच्या पलंगावरील ज्या जरतारी छताचा तेथे उल्लेख येतो, त्यासाठीचा ग्रीक शब्द ‘डास’ या शब्दावरूनच बनलेला आहे. जुडिथने ते छत काढून आणले आणि पुढे यरुशलेमात देवाला अर्पण केले. एकेकाळी सेनापतीच्या पलंगाची शोभा असलेली ही वस्तू आज गरिबाच्या पाळण्यावर येऊ शकते, हे केवढे भाग्य! आफ्रिकेत २००० ते २०१५ या काळात हिवतापाचे सुमारे ६६ कोटी आजार टळले आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक औषध लावलेल्या मच्छरदाण्यांमुळे टळले, असा अंदाज २०१५ मध्ये मांडण्यात आला.

एक गोष्ट मात्र आपल्या अंगवळणी पडलेली नाही. हिवतापाचा डास रात्री चावतो, म्हणून आपण रात्रीच जाळी लावतो. पण आंकोनचा तो एडिस डास आज आपल्या घरांत डेंग्यू व चिकुनगुन्या घेऊन वावरतो, आणि तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. म्हणून तान्ह्या मुलाच्या दुपारच्या झोपेवरही जाळी हवी. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी राहतात व पाणी मिळताच फुटतात. अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, आठवड्यातून एकदा कडा घासाव्या लागतात.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीच्या, म्हणजे त्याच भावाच्या मुलीच्या, घरी बाळ पाहायला गेलो होतो. पाळण्यावर छत्रीसारखी उघडणारी पांढरी जाळी होती आणि पाळण्याच्या चार पायांखाली चार वाट्या. माझी नजर तिकडे गेलेली पाहून ती हसली व म्हणाली, “काका, पणजीचीच रीत आहे. पण दर रविवारी मिस्साला जाण्यापूर्वी मी त्या घासून, पुसून, नवे पाणी घालते.” मी वाकून पाहिले. वाट्यांतले पाणी नितळ होते आणि त्यात काहीही वळवळत नव्हते. आजीची माया तशीच होती, फक्त तिला कोणी सांगितले नव्हते ते या मुलीला ठाऊक होते.