अडकलेला एक्सल

घाटात बंद पडलेला ट्रक तुम्ही पाहिलाच असेल. चाकांना दगड लावलेले, माल तसाच भरलेला, आणि क्लीनर मागच्या चाकाच्या मधोमध पाना लावून बसलेला. थोड्या वेळाने तिथून मीटरभर लांब लोखंडी दांडा बाहेर येतो आणि चाक मात्र जागच्या जागी! जॅकसुद्धा लागत नाही. हे कसं काय?

पूर्वी हे इतकं सोपं नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) मागचं चाक थेट शाफ्टच्या निमुळत्या टोकावर बसवलेलं. गाडीचं वजन पेलायचं त्यानेच आणि चाक फिरवायचंही त्यानेच. शाफ्ट तुटला की चाकही गेलं.

जड ट्रकमध्ये ही कामं वाटून दिली गेली. वजन हाऊसिंगच्या नळीवर, हबच्या बेअरिंगमधून. शाफ्टकडे फक्त चाक फिरवणं. हा फुल फ्लोटिंग एक्सल. आपल्याकडच्या जड ट्रकलाही हाच असतो. (आमच्या धंद्यात याला लूज कपलिंग म्हणतात आणि त्यावर स्लाइड्स बनवतात. असो.)

त्याची खरी परीक्षा झाली १९४४ साली. फ्रान्समधली रेल्वे बॉम्बफेकीत मोडलेली, आणि पॅटनची फौज पेट्रोलवाचून अडलेली. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर 'रेड बॉल एक्सप्रेस'चे ट्रक रात्रंदिवस धावले. मुख्य गाडी जीएमसीची अडीच टनी, एक्सल फुल फ्लोटिंग, आणि माल बरेचदा क्षमतेपेक्षा जास्त. बहुतेक ड्रायव्हर कृष्णवर्णीय. त्यांना सैन्यातही वेगळ्या तुकड्यांत ठेवलेलं. पुढची फौज मात्र त्यांच्याच जिवावर!

अर्थात, नट काढले म्हणजे शाफ्ट निघतोच असं नाही. पॅकिंग चिकटतं, गंज चढतो, काही एक्सलमध्ये स्टडभोवतीच्या निमुळत्या बुशा घट्ट धरून बसतात. नवखा माणूस फ्लँजच्या फटीत छिन्नी ठोकतो. मग तिथे चरा पडतो आणि कायमचं ऑइल गळतं. जुना मिस्त्री फ्लँजच्या मधोमध हातोड्याचा सणसणीत ठोका देतो. त्या धक्क्याने बुशा सुटतात. फ्लँजला आटे पाडलेली जादा भोकं असतील तर आणखी बरं. त्यात बोल्ट पिळत गेलं की शाफ्ट आपसूक बाहेर.

खरा वैताग तुटलेल्या शाफ्टचा. अर्धा हातात, अर्धा आत डिफरन्शियलमध्ये. दुसऱ्या बाजूचा शाफ्ट काढून तिकडून सळईने ढकलायचा, पण मध्ये आडवी पिन असेल तर तो रस्ता बंद. मग तारेचा फास करून ओढत बसायचं. आणि तुकडा निघाला तरी नवा शाफ्ट लगेच घालायचा नाही. आत लोखंडाची कपची राहिली तर पुढच्या चढावर गिअरचे दात जातात.