निबंधाची बांधणी : एक ऐतिहासिक टिपण

प्रारंभ, मध्य आणि शेवट ही निबंधाची तीन अंगे विद्यार्थ्यास शाळेतच शिकविली जातात. ही विभागणी चुकीची नव्हे. परंतु मध्यभाग कशाने भरावयाचा, हे तीवरून कळत नाही. परिणामी प्रारंभी विषयाची थोरवी, मध्ये माहितीची रास आणि शेवटी उपदेश, असा साचा रूढ होतो. ही उणीव कशी भरून काढावी, याचे दिग्दर्शन आपल्याच निबंधपरंपरेत आढळते.

‘निबंध’ ही संज्ञा आपल्याकडे जुनी आहे. निरनिराळ्या ग्रंथांतील धर्मवचने एकत्र करून त्यांतील विरोधाचा निर्णय करणाऱ्या ग्रंथास धर्मशास्त्रात निबंध म्हणत. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ (१६१२) हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. अशा निर्णयामागे मीमांसकांच्या अधिकरणाची शिस्त होती. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती ही त्या अधिकरणाची पाच अंगे. शालेय साच्यात विषय व सिद्धांत उरले. संशय आणि पूर्वपक्ष मात्र गळाले.

अर्वाचीन मराठी निबंध या अधिकरणातून जन्मला, असे म्हणता येणार नाही. त्यापुढे इंग्रजी नमुने होते. तथापि पूर्वपक्षाचा प्रश्न त्यालाही टाळता आला नाही. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ १८४८ ते १८५० या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकात आली. पत्राचा आटोपशीर अवकाश आणि लेखकाची तळमळ यांमुळे तेथे विधान थेट येते; प्रतिपक्षाचा विचार फारसा होत नाही. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. तिचे ८४ अंक निघाले. मासिकाच्या ऐसपैस अवकाशात प्रतिपक्षाचा विस्ताराने समाचार घेणे त्यांना शक्य झाले, आणि तो त्यांनी लोकहितवादींचाही घेतला. मात्र प्रतिपक्ष त्याच्या प्रबळ रूपात मांडण्यापेक्षा त्याचा उपहास करण्याकडे त्यांचा कल अधिक होता. १८८८ साली ‘सुधारक’ काढणाऱ्या आगरकरांपुढील वाचकवर्ग बव्हंशी प्रतिकूल होता. त्याचे आक्षेप विचारात घेतल्यावाचून त्यांचे पाऊल पुढे पडणे शक्य नव्हते. म्हणूनच त्यांच्या विवेचनाला युक्तिवादाचा कणा लाभला.

यावरून विद्यार्थ्याने घ्यावयाचा बोध सोपा आहे. १८१८ साली पेशवाई संपली, ही माहिती झाली. ती दुसऱ्या बाजीरावाच्या दोषांमुळे संपली, की मराठी राज्यव्यवस्थेच्या अंगभूत दौर्बल्यामुळे, असा संशय उपस्थित होताच निबंधास आरंभ सापडतो. जे मत आपणांस मान्य नाही, ते त्याच्या पुरस्कर्त्यासही पटेल अशा रीतीने प्रथम मांडावे. नंतर पुराव्याने त्याची मर्यादा दाखवावी. असे केल्यास मध्यभाग आपोआप भरतो, आणि परिच्छेदांचा क्रमही त्यातूनच ठरतो. शेवटी नवा मुद्दा आणू नये. प्रारंभीच्या संशयाचे निरसन कितपत झाले, एवढेच प्रामाणिकपणे सांगावे.

ज्या विधानास कोणताही विचारी मनुष्य हरकत घेणार नाही, त्यावर निबंध लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. प्रतिपक्षास न्याय देण्याची सवय विद्यार्थ्यास प्रथम निबंधातच लागते. ती तेथे न लागल्यास पुढे संशोधनात लागणे कठीण.