आकाशांतील आक्रमक आणि निनांवी कारागीर

वेरूळचें कैलास लेणें कोणत्या राजाच्या काळीं खोदलें गेलें हें इतिहासकार सांगूं शकतो. परंतु ज्या हातांनीं छिन्नी चालविली त्या हातांच्या धन्यांचीं नांवें त्याला सांगतां येत नाहींत. हा काळाचा महिमा, असें म्हणून आपण मनाचें समाधान करितों. पण ज्या वस्तूला अजून पन्नास वर्षेंहि झालीं नाहींत, तिच्या कर्त्याचें नांवहि कोणाच्या ओठीं नसावें, हा दोष काळाच्या माथीं मारतां येत नाहीं. अशाच एका वस्तूची, एका खेळाची, ही हकीकत आहे.

'स्पेस इन्व्हेडर्स', म्हणजे अवकाशांतून येणारे आक्रमक, हा खेळ सन १९७८ सालीं जपानांतील ताइतो कंपनीनें बाजारांत आणला. तोमोहिरो निशिकादो यांनीं त्याची कल्पना, चित्रें, आज्ञावली व यंत्ररचना हीं बहुतेक एकट्यानेंच सिद्ध केलीं. माणसानें माणसावर गोळ्या झाडाव्या हें त्यांत नको होतें, म्हणून एच्. जी. वेल्सच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' या कादंबरींतील मंगळवासी आठवून त्यांनीं शत्रूंना अष्टपाद, खेकडा व म्हाकूळ यांचीं रूपें दिलीं. पांच रांगांत अकरा अकरा, असे पंचावन्न शत्रू सरकत सरकत खालीं उतरत. तळाच्या एकाच तोफेनें खेळणारानें त्यांस टिपावयाचें. शत्रू जसजसे कमी होत, तसतसे उरलेले अधिक वेगानें धांवत. ही मूळची योजना नव्हती. इतकीं चित्रें हालवितांना यंत्राची दमछाक होई, व ओझें उतरलें कीं त्याला वेग येई. निशिकादो यांनीं हा दोष काढून न टाकतां तसाच ठेविला, आणि खेळाची सारी उत्कंठा तेथेंच उत्पन्न झाली.

हें यंत्र कपाटाएवढें, दुकानांत ठेवून नाणें टाकून खेळावयाचें. खेळ घरांत आणला तो अमेरिकेंतील अटारी कंपनीनें. तिनें १९७७ सालीं टेलिव्हिजनला जोडण्याजोगें एक लहान यंत्र काढलें होतें. तेंच पुढें 'अटारी २६००' या नांवानें प्रसिद्ध झालें. त्याची कामाची स्मृति अवघी १२८ बाइट, म्हणजे रोमन लिपींतील १२८ अक्षरें मावतील एवढी. पडद्यावरील पुरें चित्र सांठवून ठेवण्यास तींत जागाच नव्हती. टेलिव्हिजनचा किरण एकामागून एक आडव्या रेषा ओढीत खालीं येतो; त्या प्रत्येक रेषेवर काय उमटावें हें आज्ञावलीनें त्या त्या क्षणीं सांगावयाचें. विणकर धोट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर नक्षी पुढें नेतो, तसेंच हें काम. भेद इतकाच कीं, विणलेलें कापड मागावर राहतें. येथें तें क्षणांत विरतें, आणि सेकंदाला साठ वेळां पुन्हां विणावें लागतें.

शिवाय या यंत्राला पार्श्वभूमीखेरीज दोनच हालत्या आकृति व गोळ्यांसारखे तीन ठिपके काढतां येत. मग शत्रूची फौज उभी करावी कशी? हा पेंच रिक मॉरर या आज्ञावलीकारांनीं सोडविला. एका आकृतीच्या एकाच रेषेवर तीन प्रती उमटविण्याची सोय यंत्रांत होती. दोन आकृतींच्या मिळून सहा झाल्या. म्हणून घरच्या खेळांत सहा रांगांत सहा सहा, असे छत्तीस आक्रमक आले, आणि चार तटबंद्यांच्या जागीं तीन आल्या. संख्या घटली, पण चाल, धाक व घाई तीच राहिली. इतकेंच नव्हे, तर त्या एका खेळाचे ११२ प्रकार त्यांनीं केवळ चार किलोबाइटांच्या कॅसेटींत बसविले. ती कॅसेट १९८० सालीं निघाली व तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

कॅसेटीच्या वेष्टनावर मात्र मॉरर यांचें नांव नव्हतें. अटारीचा दंडकच तसा होता. तो असह्य होऊन वॉरन रॉबिनेट यांनीं 'ॲडव्हेंचर' या आपल्या खेळांत एक गुप्त दालन रचून त्यांत स्वतःचें नांव लपविलें. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर व बॉब व्हाइटहेड हे तर बाहेरच पडले, आणि १९७९ सालीं त्यांच्या पुढाकारानें 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी उभी राहिली. तिच्या खेळांच्या पुस्तिकेंत कर्त्याचें नांव छापलें जाई.

येथें कोणी म्हणेल कीं, यंत्र कंपनीचें, भांडवल कंपनीचें. पगार घेणारानें नांवाचा हट्ट कां धरावा? उत्तर सोपें आहे. त्या १२८ बाइट सर्वांना सारख्याच मिळत होत्या. त्याच सामग्रींतून एकाचा खेळ लाखों घरांत रंगला व दुसऱ्याचा दुकानांत धूळ खात पडला. हा फरक भांडवलानें पडत नाहीं; तो कारागिराच्या बुद्धीनें पडतो.

आपल्याकडे असे खेळ घरोघर पोंचले ते मुख्यतः १९९० नंतरच्या दशकांत. तेहि अटारीच्या यंत्रावरून नव्हे, तर निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ सालच्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या स्वस्त नकलांवरून. एकेका कॅसेटींत अनेक खेळ कोंबलेले असत. 'स्पेस इन्व्हेडर्स'चाच वंशज असा नामको कंपनीचा १९७९ चा 'गॅलॅक्सियन' त्यांत पुष्कळदां सांपडे. नकल करणारे तर अनेकदां मूळ कंपनीचेंहि नांव पडद्यावरून पुसून टाकीत. ज्या धंद्यानें कारागिराचें नांव गाळण्याचा पायंडा पाडला, त्या धंद्याचेंच नांव पुढच्यानें गाळलें! मग मुंबईच्या मुलास काय किंवा यवतमाळ जिल्ह्यांतील मारेगावच्या मुलास काय, खेळ कोणी रचिला हें कळण्यास मार्गच उरला नाहीं.

सुदैवानें हीं नांवें आज तरी हाताशीं आहेत. तीं पुढेंहि राहतील कीं नाहीं हें आपल्यावर अवलंबून आहे. त्या काळचीं मुलें आतां आईबाप झालीं आहेत. आपल्या मुलांना हा जुना खेळ दाखवितांना, आक्रमक एका रांगेंत सहाच कां, हें त्यांनीं अवश्य सांगावें. आणि तें सांगतांना मॉरर यांचें नांव घ्यावें.